कर्नाळ्याचा सुळका आणि दौंडचे डॉक्टर

पनवेल मागे टाकून गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली, की डाव्या हाताला झाडीच्या वर एक दगडी अंगठा दिसू लागतो. तो कर्नाळ्याचा सुळका. अलिबाग-मुरुडच्या समुद्रावर सुट्टी घालवायला निघालेली कुटुंबे त्याच्याकडे एकदा कौतुकाने पाहतात, मुलांना बोट करून दाखवतात आणि पेणचे पोहे-पापड आठवत पुढे जातात. त्या कातळाला लटकलेली आग्या मोहोळे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येतात. ती ज्यांच्या ध्यानात आली, त्यांत एक होते गो. नी. दांडेकर. त्यांनी या मुलखातल्या ठाकरांवर ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली. आणि तिच्यावरून १९७७ साली ज्याने चित्रपट केला, तो दिग्दर्शक पेशाने होता लहान मुलांचा डॉक्टर!

डॉ. जब्बार पटेल यांचा जन्म पंढरपूरचा, १९४२ सालचा. शाळा सोलापुरात झाली, वैद्यकीचे शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात. पुढे त्यांनी दौंडला दवाखाना थाटला. पत्नीही डॉक्टर. सकाळी खोकल्या-तापाची पोरे तपासायची आणि संध्याकाळी पुण्याला तालमीला धावायचे, असा तो संसार. आपल्याकडे डॉक्टर झालेल्या मुलाने नाटकाचे वेड सोडावे, असेच घरोघर मानले जाते. या डॉक्टरांनी दोन्ही सोडले नाही. मराठी रसिकांचे त्यात किती भले झाले, हे पुढच्या हकिगतीवरून कळेल.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. दिग्दर्शक पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नाना फडणवीस मोहन आगाशे. माणसांचीच भिंत उभी राहते, तीच नाचते, तीच गाते आणि तिच्याआड सत्ता आपले खेळ खेळते, असा तो प्रयोग होता. नानांचे असे चित्र रंगवल्याबद्दल मोठा गहजब उडाला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. तेव्हा या मंडळींनी वेगळे होऊन १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपला गेले, तेव्हाही विरोध झालाच. एका माणसाला सत्ता हाताशी धरते, वापरते आणि काम संपले की लोकांच्या तोंडी देते, ही गोष्ट पेशवाईपुरती नाही, हे विरोध करणाऱ्यांनाही कुठेतरी उमगले असावे. एरवी दोनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यासाठी कोण इतके चिडतो?

याच धाटणीचा प्रश्न त्यांनी पडद्यावर नेला. रामदास फुटाणे यांनी काढलेला ‘सामना’ हा त्यांचा पहिला चित्रपट. लेखन पुन्हा तेंडुलकरांचे. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव म्हणजे निळू फुले आणि कुठून तरी भरकटत आलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. मास्तरच्या हाती ना पैसा, ना माणसे. नाहीसा झालेल्या मारुती कांबळेची तो फक्त चौकशी करतो, पुन्हा पुन्हा करतो. त्या साध्या चौकशीने वाड्याचे वासे हलू लागतात. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेला.

अशा चित्रपटांची जगात एक मोठी परंपरा आहे. इटलीत नेपल्सला जन्मलेल्या फ्रांचेस्को रोझी यांनी १९६३ साली शहरातले बिल्डर आणि नगरसेवक यांच्या संगनमतावर चित्रपट काढला आणि व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळवला. रोझी यांनी उमेदवारी केली ती लुकिनो व्हिस्कोंती यांच्या हाताखाली, सिसिलीच्या कोळ्यांवरच्या चित्रपटात. त्यात खरे कोळीच आपल्या बोलीत बोलले. दोन माणसांची तुलना करणे धोक्याचे खरे. पण गुन्हा कुणी केला यापेक्षा तो कुणाच्या सोयीचा होता, हे शोधण्याची दोघांची खोड सारखीच.

आता पुन्हा कर्नाळ्याकडे वळू. ‘जैत रे जैत’मध्ये आमदार नाही, कारखाना नाही. ढोल वाजवणारा नाग्या आहे, पुण्यवंत होण्याचा त्याला ध्यास आहे. राणीमाशीच्या डंखाने त्याचा एक डोळा जातो, आणि ज्या लिंगोबाच्या डोंगराला आपण पुजले त्याच्यावरच्याच माश्यांनी असे का करावे, या प्रश्नाने तो पेटून उठतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या मागे उभी राहते. अखेर मोहोळ पडते, पण चिंधी जाते. जैत म्हणजे विजय. त्या विजयाची किंमत ही! मोहन आगाशे, स्मिता पाटील, ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, आणि निर्मिती उषा मंगेशकरांची. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. काहींना वाटले, राजकारणावर बोलणारा दिग्दर्शक डोंगरात गाण्यांत रमला. आम्हाला तसे वाटत नाही. जो पुजतो त्यालाच देवाला जाब विचारण्याचा हक्क आहे, असे एका ठाकराने म्हणावे, याहून मोठे बंड कोणते?

पुढे १९७९ साली अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ आला. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री श्रीराम लागू आणि हे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. शेवटी भांडणारे एक होतात आणि पाहणाऱ्याचे डोके फिरते! १९८२ च्या ‘उंबरठा’ने तोच प्रश्न आपल्या दिवाणखान्यात आणला. सुधारगृहातल्या निराधार बायकांसाठी काम करायला घर सोडून गेलेली सुलभा परत येते, तेव्हा घर तिच्यावाचून चालायला शिकलेले असते. स्मिता पाटीलने ती भूमिका अशी केली, की कित्येक घरांत त्या रात्री जेवताना वाद झाले असतील.

गोव्याच्या याच रस्त्याने कर्नाळ्याहून पुढे गेले, की माणगावनंतर महाड लागते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच, १९२४ साली, केला होता. पण कागदावरचा ठराव ओंजळीपर्यंत पोचायला सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील, आणि त्यांच्या पाठीशीही बाबासाहेब होते. १९३७ सालीच त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले.

या महापुरुषाचा चित्रपट करण्याचे काम डॉ. पटेलांकडे आले, आणि त्यांनी त्यावर आयुष्याची कित्येक वर्षे घातली. मूळ इंग्रजीतला हा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला. बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी त्यांनी थेट केरळचे मामुट्टी निवडले. त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नितीन चंद्रकांत देसाई यांना कलादिग्दर्शनाचा. पंढरपूरला जन्मलेल्या मुसलमान डॉक्टरने, मल्याळी नटाला घेऊन महाडच्या पाण्याची गोष्ट जगाला सांगावी, यात बाबासाहेबांच्या विचाराचाच थोडा विजय नाही का?

२०२४ साली शंभराव्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. पटेल होते. मान मिळाला, टाळ्या झाल्या. परंतु त्यांची खरी मिळकत वेगळी आहे. डॉक्टर जसा आईला विचारतो, ‘ताप कधीपासून आहे? पाणी कुठले पिता?’ तसे त्यांनी आपल्या समाजाला विचारले. औषध नेहमीच दिले असे नाही. पण दुखते कुठे, ते बोट ठेवून दाखवले.

या दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला निघालात, तर कर्नाळ्यापाशी गाडी घटकाभर थांबवा. सुळक्यावरची मोहोळे मुलांना दाखवा आणि नाग्याची गोष्ट सांगा. पोर विचारील, ‘मग त्याचे पुढे काय झाले?’ विचारू द्या. गप्प करू नका.