भागीदारीचा नफा आणि भागीदारीचे ओझे

कल्याण, टिटवाळा, खडवली या पट्ट्यातील कापड दुकानदारांना उल्हासनगरची पेठ नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि तेथे बाजार उभा राहिला. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची घाऊक कापडपेठही अशीच छावणीच्या जागेवर वसली. मात्र सिंधी बांधव येण्यापूर्वी त्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती.

सोव्हिएत सरकारने १९४०-४१ मध्ये या लोकांना घरादारातून उचलून सायबेरिया व मध्य आशियात पाठवले होते. सुटका झाल्यावर १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणमध्ये उतरले. त्यांतलेच काही पुढे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरचे हे ऋण पोलंड विसरलेला नाही. राजधानी वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.

हाच पोलंड १ मे २००४ रोजी युरोपीय संघाचा सभासद झाला. त्याआधी जून २००३ मध्ये सार्वमत घेतले गेले, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी ७७ टक्के लोकांनी होकार दिला. १९८० साली ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी काढलेल्या संघटनेचे नावच ‘सॉलिडॅरिटी’, म्हणजे एकजूट, असे होते. युरोपशी नाते जोडताना पोलिश जनतेला या शब्दाचे मोल ठाऊक होते.

व्यापाऱ्याच्या भाषेत या सभासदत्वाचा अर्थ काय? आपल्याकडे शहराच्या वेशीवर जकात नाका असे. ट्रक अडे, पावती फाटे, मगच माल आत जाई. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर संपली. युरोपने हेच देशांच्या सीमांवर केले. ग्दान्स्क बंदरात सीमाशुल्क भरून उतरलेला माल बर्लिनपर्यंत पुन्हा सीमाशुल्क न भरता जातो. त्याबदली पोलंडला आयातीचे दर स्वतः ठरवता येत नाहीत. ते सर्वांचे मिळून ठरतात. चलन मात्र पोलंडने आपले झ्लॉटीच ठेवले आहे.

नफा मोठा झाला. रस्ते, रेल्वे, शेती यांसाठी संघाच्या निधीतून पोलंडला भरघोस पैसा मिळाला. पण भागीदारीत ओझेही वाटून घ्यावे लागते आणि खरी परीक्षा तेथेच होते. इटली व ग्रीसमध्ये पोहोचलेले सीरिया, इराककडील निर्वासित वाटून घेण्याचे २०१५ साली ठरले. सत्तांतरानंतर पोलंडच्या सरकारने ते नाकारले. २ एप्रिल २०२० रोजी युरोपीय न्यायालयाने हा नियमभंग ठरवला. उलट २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला होताच याच पोलंडने दहा लाखांहून अधिक लोकांना आसरा दिला, सामान्य कुटुंबांनी घरे उघडली. मग एप्रिल २०२३ मध्ये युक्रेनचा स्वस्त गहू आला, भाव पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलंडने त्या धान्याची आयात बंद केली.

शेतकऱ्याची तक्रार खोटी नव्हती. पडलेल्या भावाचा तोटा त्याच्याच पदरात आला होता. पण समान मूल्ये म्हणायची आणि मदतीला माणसे निवडून घ्यायची, हे हिशेबात बसत नाही. वळिवड्यात आलेल्या पोलिश मुलांची भाषा वेगळी होती, धर्म वेगळा होता. तरी त्यांना निवारा मिळाला.

व्यापारी संघ असो, सहकारी पतपेढी असो वा देशांचा संघ असो, नियम एकच. लाभांश घेताना सर्वच पुढे येतात. तोट्याच्या वर्षी जो खात्यावर टिकतो, तोच खरा भागीदार.