वनहक्क कायद्यातले इंग्रजी कसे वाचायचे

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत ग्रामसभेचे ठराव मराठीत लिहिले जातात, शासन निर्णयही मराठीत येतात. वाद पेटला की मात्र मूळ इंग्रजी मजकूर पुढे येतो, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे संसदेच्या कायद्याचा अधिकृत पाठ इंग्रजी असतो. १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) असो की २००६ चा वनहक्क कायदा, त्यातली वाक्ये एकाच साच्याची आहेत: आधी कर्ता, मग ‘शॅल’ किंवा ‘मे’, आणि त्यानंतर ‘विदिन’, ‘बिफोर’, ‘अंडर’, ‘फॉर’ यांपैकी एखाद्या शब्दाने सुरू होणारा शब्दसमूह. मराठीत हीच कामे क्रियापदाचे शेपूट आणि ‘च्या आत’, ‘च्या आधी’, ‘साठी’ ही शब्दयोगी अव्यये करतात. शाळेत हा साचा परीक्षेपुरता शिकवला जातो. जबरानजोत, म्हणजे पट्ट्याविना ताब्यात असलेली वनजमीन, कसणाऱ्या कुटुंबाचा पट्टा मात्र त्याच साच्यावर अडतो किंवा सुटतो, म्हणून त्याबद्दलचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

‘आय’ आणि ‘वी’ यांच्यापुढे ‘शॅल’, बाकीच्यांपुढे ‘विल’, आणि दोन्हींचा अर्थ भविष्यकाळ, हे आपण पाठ केलेले असते. कायद्यात ‘शॅल’ पुढे काय घडेल ते सांगत नाही, तो कर्तव्य लादतो किंवा अधिकार देतो. वनहक्क कायद्याच्या कलम ६ नुसार हक्क ठरवण्याची प्रक्रिया सुरू करणारे प्राधिकरण ग्रामसभा आहे. तिथे ‘शॅल बी’ आहे, म्हणून ‘पुढे कधीतरी होईल’ असे वाचायचे नाही. मराठी कायद्यांत ‘करील’, ‘राहील’ ही रूपे दिसतात, तीही आज्ञाच समजायची.

सगळ्यात पसरलेला गैरसमज चार हेक्टरचा. ‘कायद्याने प्रत्येकाला चार हेक्टर म्हणजे दहा एकर मिळते’ असे गावोगाव ऐकू येते. कलम ४ च्या पोटकलम ६ मध्ये एकाच वाक्यात ‘शॅल’ तीनदा आला आहे आणि दरवेळी त्याच्यापुढचा शब्दसमूह वेगळी अट घालतो. पहिली अट, जमीन ताब्यात असली पाहिजे ‘ऑन द डेट ऑफ कमेन्समेंट’, म्हणजे कायदा लागू झाला त्या ३१ डिसेंबर २००७ या दिवशी. दुसरी, हक्क ‘अंडर अ‍ॅक्च्युअल ऑक्युपेशन’ एवढ्यापुरताच, म्हणजे प्रत्यक्ष ताब्यात जेवढी तेवढीच जमीन. तिसरी, ‘इन नो केस’ चार हेक्टरपेक्षा जास्त नाही. म्हणजे दीड एकर कसणाऱ्याला दीड एकरच मिळेल आणि सहा हेक्टर कसणाऱ्याला चार. चार हेक्टर ही कमाल मर्यादा आहे, वाटपाचे माप नाही. त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये आणखी एक तारीख आहे, तिथे ‘बिफोर’ आहे: ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. ‘ऑन’ आणि ‘बिफोर’ या दोन्ही कसोट्या पार कराव्या लागतात. एकच तारीख सिद्ध केली तर दावा अर्धवट राहतो.

पोटकलम ६ च्या वाक्याच्या सुरुवातीचे ‘इन रिस्पेक्ट ऑफ’ मात्र वाचायचे राहून जाते. या शब्दांमुळे चार हेक्टरची मर्यादा फक्त राहण्यासाठी आणि कसण्यासाठी ताब्यात असलेल्या जमिनीपुरती उरते. सामूहिक वनहक्काला ती लागूच नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर. गौण वनोपजाबद्दलही असेच. ‘गावाच्या शिवेबाहेरचा तेंदूपत्ता आपला नाही’ ही समजूत चुकीची आहे. जे वनोपज गाव परंपरेने गोळा करत आले आहे, त्याच्या मालकीबद्दल कलम ३ मध्ये ‘विदिन ऑर आउटसाइड’ असे आहे, म्हणजे शिवेच्या आतले आणि बाहेरचेही. गौण वनोपजाच्या व्याख्येत ‘इन्क्लूडिंग’ या शब्दापुढे बांबू स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही १९२७ च्या वन कायद्यातल्या व्याख्येवर बोट ठेवून वनविभाग बांबूला झाडच मानत होता. मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक पडायला २७ एप्रिल २०११ उजाडावे लागले.

‘मे’ म्हणजे साहेबांची मर्जी, असेही समजले जाते. ‘मे’ कोणाला उद्देशून आहे ते आधी पाहावे. ग्रामसभेच्या ठरावाने ज्याचे नुकसान झाले त्याला उपविभागीय समितीकडे दाद ‘मागता येईल’, असे कलम ६ सांगते. तिथला ‘मे’ दावेदारासाठी आहे. त्याच कलमात समितीसाठी ‘शॅल’ आहे: आलेली याचिका तिने विचारात घेऊन निकाली काढायचीच. नागरिकाला मुभा आणि अधिकाऱ्याला बंधन, अशी ही रचना आहे. आणि अधिकाऱ्यासाठी वापरलेला ‘मे’ही दरवेळी ऐच्छिक नसतो. ज्याच्या हितासाठी अधिकार दिला त्याने मागणी केली तर तो वापरणे कर्तव्य ठरू शकते, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८० मध्येच मांडले होते.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ‘शॅल’ दिसला की लढाई जिंकली, असे नसते. लोकसेवा आयोगाचा ‘सल्ला घेतला जाईल’ असे संविधानाच्या अनुच्छेद ३२० मध्ये असूनही, तो न घेतल्याने सरकारची कारवाई रद्द होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दिला. पेसामध्येही अनुसूचित क्षेत्रातल्या भूसंपादनाआधी ग्रामसभेचा किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीचा सल्ला घ्यायचा आहे. सल्ला म्हणजे संमती नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मात्र कलम ४१ मध्ये पूर्वसंमती घालून पुढे ‘इन ऑल केसेस’ लिहिले. गावाची ताकद त्याने खूप वाढली. पण कोळसा असलेल्या जमिनींसाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे, हे चंद्रपूरकरांनी विसरू नये.

‘पेसामुळे कोणतीही खाण ग्रामसभेच्या शिफारशीशिवाय होऊ शकत नाही’ हा समजही असाच. शिफारस बंधनकारक करणाऱ्या त्या वाक्यात ‘फॉर मायनर मिनरल्स’ आहे, म्हणजे मुरूम, रेती, गिट्टी यांसारखी गौण खनिजे. एटापल्लीच्या सुरजागडचे लोहखनिज त्यात बसत नाही. तिथे लढायचे तर वनहक्क कायद्याचा आणि भूसंपादन कायद्याचा आधार शोधावा लागतो.

आणखी एक रचना फसवते. इंग्रजीत नकार कर्त्याला चिकटतो: ‘नो मेंबर शॅल बी इव्हिक्टेड’. मराठीत नकार क्रियापदाकडे येतो, म्हणून घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ‘नो’ निसटतो. अर्थ असा, की कोणाही वनवासीला काढता येणार नाही, पण पुढच्या ‘टिल’मुळे हे संरक्षण पडताळणी पूर्ण होईपर्यंतचे आहे. फेटाळलेल्या दाव्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिलेल्या आदेशाने लाखो कुटुंबांची झोप उडाली ती यामुळेच. त्या आदेशाला २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली.

ग्रामसभेत फाईल वाचणाऱ्या तरुणांना एकच विनंती. ‘शॅल’ आणि ‘मे’ यांच्याखाली रेघ ओढाच, पण त्यांच्यापुढच्या शब्दांखालीही ओढा. आणि ठराव झाल्याची तारीख ठरावावर ठळक लिहून घ्या. ठरावाविरुद्ध दाद मागण्याची मुदत ‘विदिन सिक्स्टी डेज’ आहे आणि ते साठ दिवस ठराव झाल्या तारखेपासून मोजले जातात.