लीक : एका परक्या भाजीची ओळख

भाजीच्या टोपलींतून घरांत येणाऱ्या नव्या वस्तूची गत नव्या सुनेसारखीच असते. नांव परकें, रूप अनोळखी, आणि पहिल्याच दिवशीं जरा कांहीं चुकलें कीं सारें घर म्हणावयास मोकळें, "आपल्याकडे हें चालावयाचें नाहीं!" बटाटा, टोमॅटो, कोबी या सर्वांनीं हा सासुरवास भोगला आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेंतला बटाटा आज एकादशीच्या फराळांत मानानें बसतो, ही गोष्ट पाहिली म्हणजे कोणत्याहि नव्या भाजीस पहिल्या घासावरून दोष देऊं नये असें वाटतें. आज जिच्याविषयीं आम्ही वाचकांशीं बोलणार आहों, ती भाजी म्हणजे लीक. आमच्याकडून तिच्यावर असाच अन्याय झाला होता. म्हणून हा लेख कांहींसा प्रायश्चित्तादाखल आहे असें समजावें.

धाकट्या सूनबाईंच्या बाळंतपणासाठीं आम्ही उभयतां वेल्स प्रांतांतील कार्डिफ या शहरीं एक हिंवाळा राहून आलों. बाळंतीण सव्वा महिन्याची झाली आणि तिला कांद्याच्या पातीच्या पीठ पेरलेल्या भाजीची आठवण येऊं लागली. १८९१ सालीं उघडलेली तेथील जुनी मंडई अजूनहि गजबजलेली असते. तेथें एका दुकानांत आम्हांस लीक दिसला. बुडाशीं पांढऱ्या मुळ्यांचा झुबका, त्यावर वीतभर लांबीचा व दोन अंगठे जाडीचा पांढराशुभ्र दांडा, आणि वर पंख्याप्रमाणें पसरलेलीं हिरवीं, चपटीं, जाड पानें. आम्ही मनांत म्हटलें, ही आपली कांद्याचीच पात, थंड हवेनें अंगानें भरली आहे इतकेंच! तीन लीक घेऊन मोठ्या उत्साहानें घरीं आलों.

पुढें जें झालें तें सांगावयास लाज वाटते, तरी सांगतों. नळाखालीं धरून लीक वरून धुतले. शेंड्यापासून बुडापर्यंत पातीसारखे बारीक चिरले. कडकडीत तेलाची फोडणी करून सगळें तींत टाकलें आणि मोठ्या आंचेवर परतलें. पांढऱ्या चकत्यांच्या कडा करपून कडवट झाल्या, हिरवीं पानें वादीसारखीं चिवट राहिलीं, आणि पीठ पेरून पानांत वाढलेल्या भाजीचा पहिला घास सूनबाईंनीं घेतला तेव्हां दातांखालीं रेती करकरली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसरा घास त्यांनीं तितक्याच हळूपणें चावला आणि पान पुढें सारून मुलाला घ्यावयास उठल्या. परदेशांत आठवणीनें मागितलेला एकच पदार्थ, आणि तोहि आम्हांला धड देतां आला नाहीं, हें शल्य त्या रात्रीं आम्हां दोघांनाहि बोंचत राहिलें.

दुसऱ्या दिवशीं शेजारच्या वृद्ध वेल्श बाई बाळाला पाहावयास आल्या. त्यांना हकीकत सांगतांच त्या प्रथम पोटभर हंसल्या, आणि मग बाह्या सारून आमच्या मोरीशीं उभ्या राहिल्या. त्यांनीं जें शिकविलें तें असें.

लीकमध्यें रेती येते ती दुकानदाराच्या हयगयीनें नव्हे. ती त्याच्या लागवडीचीच खूण आहे. कांद्याप्रमाणें लीकला गड्डा धरत नाहीं. पानांचीं बुडें एकावर एक गुंडाळून जी दांडी होते तीच खावयाची. ती पांढरी व कोंवळी राहावी म्हणून तिला ऊन लागूं देत नाहींत. वसंतांत वाफ्यांत बीं पेरतात. रोपें पेन्सिलीएवढीं जाड झालीं कीं जमिनींत खुंटीनें वीतभर खोल भोंकें पाडून एकेकांत एकेक रोप सोडतात, आणि माती न लोटतां नुसतें पाणी ओततात. रोप वाढूं लागलें कीं त्याच्या बुडाशीं मातीची भर देत जातात. पानें जेथें फुटतात तेथें खोबण असते. पावसाबरोबर उडालेली माती तींत उतरते आणि पानें गुंडाळत जातात तसतशी थराथरांत कोंडली जाते. पुढें धुक्याबर्फाला न जुमानतां हें पीक शेतांत उभें राहतें, आणि इतर भाज्या दुर्मिळ झालेल्या ऐन हिंवाळ्यांत तेथील गृहिणीच्या उपयोगीं पडतें.

म्हणून लीक वरून कितीहि धुतला तरी स्वच्छ होत नाहीं. प्रथम मुळ्या कापाव्यात, वरचें एखादें जून पान काढून टाकावें, आणि गर्द हिरवा शेंडा वेगळा करावा. पांढरा व फिकट हिरवा भाग तेवढा भाजीचा. तो उभा चिरून मग आडवा कापावा आणि मोठ्या पातेलेंभर गार पाण्यांत टाकून हातानें चांगला हालवावा. थर सुटतात, लीक वर तरंगतो आणि रेती तळाशीं बसते. येथें एक चूक हटकून होते. पातेलें चाळणींत उपडें करूं नये. तसें केल्यास तळची रेती पुन्हां भाजीवरच येते. तरंगता लीक हातांनीं वरच्यावर उचलून घ्यावा, पाणी फेंकून द्यावें आणि पातेल्याच्या बुडाला बोट लावून पाहावें. बोटाला कण लागेनासा होईपर्यंत हें पाणी बदलीत जावें. दोनदां-तीनदां पुरे होतें. हिरवे शेंडे टाकूं नयेत. ते धुऊन पाण्यांत अर्धा तास उकळावे व गाळून घ्यावे. त्या पाण्यानें सुपाला किंवा आमटीला चांगली गोडी येते.

दुसरा धडा आंचेचा. लीकला कांद्याचा उग्रपणा नसतो. चिरतांना डोळ्यांत पाणीहि फारसें येत नाहीं. त्याची खरी गोडी मंद आंचेवर, झांकणाखालीं, अंगच्याच पाण्यांत शिजतांना बाहेर येते. पांढऱ्या रश्श्यासाठीं कांदा तांबूस न करतां नुसता पारदर्शक करतात, तितकेंच लीकला परतावें. तो करपला कीं कडू होतो आणि मग त्याला कशानेंहि सांवरतां येत नाहीं.

वेल्सच्या लोकांना या भाजीचा अभिमान विलक्षण. त्यांच्या भाषेंत लीकला केनिन म्हणतात, आणि डॅफोडिलच्या पिंवळ्या फुलाला जें नांव आहे त्याचा अर्थ पीटरचा लीक असाच होतो! मार्चच्या पहिल्या तारखेस, संत डेव्हिडच्या दिवशीं, हे लोक कोटावर लीक किंवा डॅफोडिल लावून हिंडतात. सॅक्सन लोकांशीं झालेल्या एका लढाईंत आपला कोण व परका कोण हें कळावें म्हणून वेल्श सैनिकांनीं टोपींत लीक खोंवले, अशी दंतकथा आहे. शेक्सपिअरच्या 'पांचवा हेन्री' नाटकांतील फ्लुएलेन हा वेल्श सरदार तर लीकची थट्टा करणाऱ्या पिस्तोलला तोच कच्चा खावयास लावतो. १९८५ व १९९० सालच्या एक पौंडाच्या नाण्यांवरहि लीकचें चित्र होतें. तीं गोल नाणीं २०१७ सालीं चलनांतून गेलीं.

याहून जुना इतिहास पाहावयाचा तर रोमचा बादशहा नीरो आवाज सुधारावा म्हणून महिन्याच्या ठराविक दिवशीं तेलांत घातलेला लीक खात असे, असें प्लिनी लिहितो. बायबलमध्यें मिसर देश सोडून रानांत आलेले इस्रायली लोक मागल्या ज्या पदार्थांसाठीं हळहळतात, त्यांत काकड्या, कलिंगडें, कांदे व लसूण यांबरोबर लीकहि आहे. घर सोडून दूर गेलेल्या माणसाला प्रथम आठवण येते ती स्वयंपाकघराची. सूनबाईंची गोष्ट निराळी नव्हती.

आतां आमच्या घरीं उतरलेल्या कांहीं कृति देतों.

पीठ पेरून भाजी : स्वच्छ केलेला चिरलेला लीक चार वाट्या, तेल तीन चमचे, डाळीचें पीठ अर्धी वाटी, मोहरी, हिंग, हळद, लाल तिखट व मीठ. फोडणी करून आंच अगदीं कमी करावी. लीक घालून झांकण ठेवावें व दहा मिनिटें मऊ होऊं द्यावा. मग तिखट-मीठ घालून पीठ वरून भुरभुरावें, पुन्हां झांकून पांच-सात मिनिटें वाफ आणावी व हलक्या हातानें ढवळावें. पीठ कोरडें वाटल्यास पाण्याचा हबका मारावा. उतरतांना ओलें खोबरें घालावें.

बटाट्याचें सूप : तीन लीक दीड चमचा लोण्यांत झांकून मऊ करावे. दोन मध्यम बटाट्यांच्या फोडी, शेंड्यांचें गाळलेलें पाणी चार वाट्या व मीठ घालून वीस मिनिटें शिजवावें. घोंटून एक वाटी दूध व मिऱ्याची पूड घालावी. हेंच सूप साय घालून थंड वाढण्याची कल्पना लुई दिआ या फ्रेंच आचाऱ्याची. १९१७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलांत त्यानें तें प्रसिद्धीस आणलें. लहानपणीं आई करीत असलेल्या सुपावरून त्याला तें सुचलें होतें. आमच्या घरीं मात्र तें गरमच आवडलें.

ग्लॅमॉर्गनच्या वळकट्या : वेल्समध्यें यांना सॉसेज म्हणतात, परंतु नांवास भिऊं नये, यांत मांस मुळींच नसतें. लोण्यांत मऊ केलेला लीक, किसलेलें चीज व पावाचा चुरा एकत्र मळून वळकट्या करतात आणि तळतात. तिकडे त्या बांधण्यास अंडें घालतात. आम्ही उकडलेला बटाटा घातला व काम भागलें.

थालीपीठ : दोन वाट्या भाजणीस एक वाटी अगदीं बारीक चिरलेला लीक, तिखट, मीठ व कोथिंबीर. चिरलेल्या लीकला मीठ लागतांच पाणी सुटतें, म्हणून भिजवितांना पाणी बेतानें घालावें.

पीठ पेरलेली भाजी दुसऱ्यांदा केली त्या दिवशीं सूनबाईंनीं ती दोनदां मागून घेतली, आणि आमच्या मनावरचें ओझें उतरलें.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. चैत्रांत आम्ही पुण्यास परतलों. आतां पुण्यामुंबईच्या मोठ्या बाजारांतहि परदेशी भाज्यांच्या ढिगांत लीक मिळतो. कांदेनवमीच्या सुमारास पुतण्यानें तो घरीं आणला आणि एका नव्याच वादास तोंड फुटलें. उद्यांपरवां चातुर्मास लागणार; मग लीक चालेल कीं नाहीं? तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, हा कांदा नव्हे, लसूण नव्हे, आणि आपल्याकडे याचें नांवहि नाहीं. तेव्हां याला निषेध कोठला? घरांत आमच्या आत्याबाई आहेत. त्यांनीं चाळीस वर्षांत कांद्यालसणाला तोंड लावलेलें नाहीं. निदान त्यांना तरी या युक्तिवादानें ही भाजी खाऊं घालावी, असा मुलांचा प्रेमळ बेत होता.

आम्ही कपाटांतून ग्रंथ काढले. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण व कांदा यांच्या जोडीस गृंजन हें तिसरें नांव येतें. पुढें गृंजन म्हणजे गाजर असाहि अर्थ रूढ झाला. परंतु एके काळीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृत शिकविणाऱ्या ब्यूलर पंडितांनीं १८८६ सालीं छापलेल्या आपल्या इंग्रजी भाषांतरांत याच शब्दास लीक म्हटलें आहे! शब्दाचा अर्थ असा दोलायमान असतां संशयाचा फायदा लीकला देणें अशक्य नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर तसा मोह आम्हांलाहि झाला.

आत्याबाई हें सारें शांतपणें ऐकत होत्या. शेवटीं म्हणाल्या, "पोथींतलें राहूं द्या. तुम्ही दोघें तिकडे करून-खाऊन आलांत. खरें तें सांगा, हा कांद्याच्या जातीचा आहे कीं नाहीं?"

आहे. वनस्पतिशास्त्र कांदा, लसूण व लीक यांस एकाच अ‍ॅलियम कुळींत बसवितें, आणि चिरतांना येणारा वासहि तेंच सांगतो. आम्ही तसें स्पष्ट सांगितलें. मुलांचे चेहरे उतरले.

"मग माझ्या पानांत नको," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचे नवमीपर्यंत दोन दिवस आहेत, तोंवर तुम्ही करून खा. आणा तें पातेलें इकडे. माझें स्नान व्हावयाचें आहे, तोंवर धुऊन देतें."

आम्ही दोन पाण्यांतून लीक काढून स्वच्छ झाला म्हणून चाळणींत ठेवला होता. आत्याबाईंनीं तो पुन्हां पाण्यांत टाकला, हालविला, वरच्यावर उचलून घेतला आणि तळाशीं बोट फिरवून आमच्यापुढें धरलें. त्यावर रेतीचे चार कण होते.

त्या दिवशीं दुपारीं आमच्या पानांत लीक होता. आत्याबाईंनीं स्नान करून आपल्या वेगळ्या चुलीवर जिरें-हिंगाची फोडणी दिली, आणि झांकण ठेवून मंद आंचेवर, पाण्याचा थेंबहि न घालतां, कोबी शिजविला. ही रीत त्यांनीं आमच्याच तोंडून ऐकली होती. मुलांनीं लीक संपवून तो कोबीहि मागून घेतला.