विमानतळावरची लाउंज

नाहूरच्या लेकीकडे मुक्काम करून विमान गाठायचे, असे प्रसंग आता शेतकरी घरांतही येतात. लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका. तिथे गाडी बदलली की पुढचेच स्टेशन विमानतळाचे टर्मिनल २.

सामानाची तपासणी झाली की आत ‘लाउंज’ लागते. ही एक प्रकारची वेटिंग रूमच. फक्त खुर्च्या मऊ आणि चहा-जेवण गरम. प्रवेश मात्र सरसकट नसतो. वरच्या वर्गाचे तिकीट, ठराविक बँक कार्ड किंवा पैसे लागतात. आपले कार्ड चालते का, हे बँकेत आधीच विचारावे. न चालल्यास कमीपणा मानू नये; बाहेरच्या खुर्च्या सर्वांना मोकळ्या आहेत आणि घरच्या दशम्यांना मज्जाव नाही.

कुठेही बसा, नजर फलकावर ठेवा. नावाने पुकारतील या भरवशावर राहू नका. विमानाचे दार उड्डाणाआधी सुमारे २५ मिनिटे बंद होते. जेवणापायी विमान चुकले, तर ते जेवण फार महाग पडेल!