श्रोणितल व्यायाम

श्रोणितल व्यायाम किंवा केगेल व्यायाम म्हणजे मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून आधार देणारे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम होय. खोकताना, शिंकताना वा ओझे उचलताना लघवी सुटणे या तक्रारीवरील तो पहिला उपचार मानला जातो. ‘अंग बाहेर येणे’ या विकाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतही त्याचा उपयोग होतो.

पद्धत

लघवी व वायू एकाच वेळी रोखल्याप्रमाणे स्नायू आत व वर ओढून धरावे लागतात आणि नंतर पूर्ण सैल सोडावे लागतात. या वेळी श्वास रोखू नये. पोट, मांड्या व नितंब आवळू नयेत. दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ आकुंचने, असा सराव निदान ३ महिने करावा लागतो. लघवी करताना वारंवार धार थांबवून सराव करणे योग्य नाही.

साधने

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम व आकुंचनाचा दाब मोजणारा ‘पेरिनिओमीटर’ यांची माहिती प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकात योनीत धरून ठेवायचे वजनी शंकू प्रचारात आले. स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखवणारी बायोफीडबॅक यंत्रेही वापरली जातात. ज्यांना स्नायू स्वतःहून आवळता येत नाहीत, त्यांच्यासाठी विद्युत उत्तेजनाचा विचार होतो. तथापि नियमित व अचूक सराव साधनाविनाही परिणामकारक ठरतो. गरोदरपणात, जंतुसंसर्ग असताना किंवा प्रसूतीनंतर लगेच शंकू वापरू नयेत.

मराठवाड्यातील संदर्भ

जालना, बीड आदी जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी मोठे स्थलांतर होते. ऊसतोड महिला मोळ्या डोक्यावर वाहून गाडीत चढवतात. बाळंतपण व सततची जड उचल ही श्रोणितल दुर्बल होण्याची ज्ञात कारणे आहेत. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रियांमागील कारणे विविध होती. मात्र गर्भाशय काढल्याने श्रोणितल स्नायू बळकट होत नाहीत.

मर्यादा

व्यायामाने जड ओझ्याचा ताण नाहीसा होत नाही. अंग पूर्ण बाहेर आले असल्यास आधार देणारी कडी (पेसरी) किंवा शस्त्रक्रियेची गरज भासू शकते. लघवीतून रक्त जाणे, ताप वा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव असल्यास व्यायामावर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.