तार तोडता येते, पाण्याचं काय?

मुंबईतली नोकरी सोडायची, कर्जत-खालापुरात दोन एकर घ्यायचे, सौर पॅनल लावून वीजमीटरविना राहायचं, हा बेत हल्ली पुष्कळांच्या बोलण्यात असतो. (जन्माने शेतकरी नसलेल्याला कूळकायदा शेतजमीन सहजी घेऊ देत नाही, हे बहुतेकांना नंतर कळतं.) गंमत अशी, की ज्या तारेपासून सुटका हवी ती निघाली इथूनच. घाटमाथ्यावरचं पाणी खाली आणून टाटांनी १९१५ साली खोपोलीत वीज तयार केली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. तिथली जनित्रं फिरवून सुटलेलं पाणी पेज नदीत उतरतं, म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाला कालव्याकाठी एप्रिलमध्ये भात उभा असतो. रविवारी जमीन बघायला आलेल्याला भुलवणारी ही हिरवळ मुंबईच्या विजेमागून आलेली आहे. कालव्यापासून दूर, वरकस जमिनीवर, फाल्गुनातच गवत वाळून जातं.

तार तोडणं तसं सोपं. आषाढातल्या ढगांत पॅनल रुसतात, पण दोन दिवे आणि मोबाइल बॅटरीवर निभावतात. अडतं ते पाण्यापाशी. इथं तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हजार चौरस फुटांच्या छपरावर त्याचं पावणेतीन लाख लिटर पाणी होतं. सरकारी नळयोजना माणशी ५५ लिटर धरतात; त्या मापाने दोघांना कोरड्या आठ महिन्यांत साडेसव्वीस हजार लिटर पुरतात. म्हणजे पागोळ्यांवर राहता येईल. खाता येईल का? गुंठाभर भाजीला रोज चारशे लिटर धरले तरी आठ महिन्यांचे लाखभर लिटर होतात, त्याला दहा फूट खोल आणि दिवाणखान्याएवढी टाकी हवी. आणि वीस बाय दहा फुटांचा, चार फूट खोल पोहण्याचा तलाव? त्यात साडेबावीस हजार लिटर मावतात, दोघांच्या आठ महिन्यांच्या पाण्याहून थोडेच कमी.

यावर ठरलेलं उत्तर असतं, बोअर मारू. पण इथला कातळ पाणी धरतो तो भेगांत, आणि भेगांना सातबाऱ्याची हद्द कळत नाही. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असं १९९३ च्या भूजल कायद्याने उगाच म्हटलं नव्हतं. वाडीवरच्या बायका नाल्यात डवरा खणून वाटीने हंडा भरतात. वरच्या अंगाला खोल बोअर झाली, की तो डवराही आटू शकतो. राखणदार, माळी म्हणून गावाला काम मिळतं हे खरं, पण पगारातून झरा विकत घेता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ठाकूर-कातकरी इथंच पिढ्यान्‌पिढ्या राहिले, मग आपल्याला का जमू नये? ते राहिले जंगलाच्या आणि एकमेकांच्या आधाराने. तरीही दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जातात. ही माती ज्यांना सर्वांत जास्त कळते, त्यांचंही बारा महिने भागत नाही.

यायचंच असेल तर घराआधी टाकी बांधावी, तीस हजार लिटरची. नाचणी-वरी पावसावर घ्यावी. उन्हाळ्यात परसात भोपळ्याची दोन आळी ठेवावीत, भांडी विसळल्या पाण्यावर जगतील एवढीच.