सांबराच्या शिंगांचें मोजमाप

अकोला जिल्ह्यांतील हिवरखेडहून उत्तरेस पाहिलें कीं सातपुड्याची निळी रांग दिसते. त्या डोंगरांत, मेळघाटच्या अरण्यांत, सांबर अद्यापि नांदतें. शिकारीस मुभा होती त्या काळीं त्याची थोरवी शिकारी लोक फितीनें ठरवीत.

या मोजमापाची एक रीत लंडनचे रोलंड वॉर्ड यांच्या नोंदग्रंथानें रूढ केली. तो प्रथम १८९२ सालीं निघाला. शिंगाच्या बुडाशीं खडबडीत कडें असतें. त्याच्या तळापासून बाहेरील वळणावरून टोंकापर्यंत फीत लावावयाची. ती झाली लांबी. मग घेर, दोन शिंगांतील अंतर व फाट्यांची संख्या टिपावयाची. १९५० सालीं अमेरिकेंतील बून अँड क्रॉकेट क्लबनें तेथील हरणांसाठीं निराळी पद्धत स्वीकारली. तींत मापांची बेरीज करून गुण देतात. डाव्याउजव्या शिंगांत फरक पडल्यास तो सामान्यतः वजा होतो.

परंतु फितीला वय कळत नाहीं. पूर्ण वाढलेल्या सांबरास प्रत्येक बाजूस बहुधा तीनच टोंकें असतात. वर्षांबरोबर तीं वाढत नाहींत. शिवाय शिंग म्हणजे हाडच. तें गळतें आणि पुन्हां उगवतें. उतारवयांत तें आखूडही होऊं शकतें.

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७४ सालीं मेळघाट व्याघ्रप्रकल्प. आतां तीं शिंगें नराच्या मस्तकावरच पाहावयाचीं. गळलीं तरी चिंता नाहीं. नर जिवंत असला म्हणजे नवीं येतात.